सत्तर पानांचा पुडा

फॉर्मच्या अकराव्या रकान्यात विचारलंय : वंश.
खाली चार चौकोन,
आणि पाचवा, इतर.
अंगणवाडीच्या ओट्यावर पेन धरून मी,
समोर सुकमती नैताम, वय अंदाजे बेचाळीस,
मूठ आवळून बसलेली.
सुई अजून पाकिटातच.

"जन्म सात देवात, दिली सहा देवात," ती सांगते.
"लिवा. सहा अन् सातात सोयरीक होते.
सहा अन् चार भाऊ लागतात, तिथं नाही होत."
मग आईचं गाव, आईच्या आईचं,
कोणाचं कोणतं झाड तोडायचं नाही,
कोणता पक्षी खायचा नाही,
पाच पिढ्या, मध्ये एकदाही न अडखळता.
मला माझ्या आजीचं माहेर आठवेना.
मी 'इतर'वर खूण केली.

तीन नळ्या. जांभळी झाकणं.
बर्फाच्या डब्यात ठेवताना तिनं विचारलं,
"भाऊ गेला माहा. फकरू. अडतीसचा.
दारू नाही, बिडी नाही.
धान कापता कापता बांधावर बसला,
दुपारी शिदोरी घेऊन गेलो, तसाच बसून.
तो काहून गेला, ते यात दिसन का?"

"दिसेल," मी म्हणाले.
तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

आठ महिन्यांनी कागद आला.
हृदयविकाराचा धोका : सरासरीपेक्षा कमी.
त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत :
हा अंदाज अन्य खंडातील व्यक्तींच्या माहितीवर आधारित,
सदर समूहासाठी पडताळलेला नाही.
धानोरा ते मुरूमगाव
एसटीत मी ती ओळ परत परत वाचली.
खड्डे होते, अक्षरं हलत होती,
अर्थ हलत नव्हता.

मे महिना. सारं गाव तेंदूच्या फळीवर.
सुकमती पुडे बांधत होती,
दोरीचं एक टोक दातात.
मी सांगितलं : लाखो माणसांचं रक्त आधी तपासलं,
त्यावरून हिशेब बसवला.
माणसं दूरची. थंड मुलखातली.
त्यांच्यात जी खूण धोक्याची,
ती तुमच्यात असेलच असं नाही,
आणि तुमच्यात जी असेल
ती शोधायला कोणी आलंच नाही.

तिचे हात थांबले नाहीत.
"आमचा मुन्शी काय करते, पाय.
ओळीतला एक पुडा सोडते, पानं मोजते.
सत्तर भरले, त सारी ओळ सत्तरची.
पन पुडा आमच्याच ओळीतला सोडते ना?
पल्याडच्या जंगलातला सोडून
आमची पानं नाही मोजत."
दोरी दातातून काढली.
"तुमी कोनाचा पुडा सोडला, बाई?"

प्रशिक्षणात याचं उत्तर दिलं होतं,
तीन स्लाइड होत्या, रंगीत.
मी पेन काढलं.
'सरासरीपेक्षा कमी' यावर आडवी रेघ मारली,
बाजूला लिहिलं : माहीत नाही.
खाली सही. तारीख.
हे मला करता येतं की नाही, हेही माहीत नव्हतं.

"हे बरं हाय," ती म्हणाली.
कागदाची बारीक घडी घालून कनवटीला लावली.
उपकेंद्रात दाब तपासून घे, म्हटलं,
तर मान हलवली; जाईल की नाही कोण जाणे.
घाई होती. पुडे मोजायचे होते.

दिवाळीनंतरच्या फेरीत
ओट्यावर माझ्याआधी ती येऊन बसलेली.
सोबत अकरा जण, दोन टोल्यांतले,
मागं फकरूची दोन पोरं.
"आता आमचा सोड," एवढंच म्हणाली.

फॉर्म तोच. रकाना तोच.
मी समासात लिहीत गेले :
सात देव. सहा देव. पुन्हा सात.
मशीन समास वाचत नाही.

धाकट्यानं हात पाठीमागं लपवला होता.
सुकमतीनं तो ओढून आपल्या मांडीवर ठेवला,
उलटा केला, मनगट धरलं.
शीर बारीक होती.
सापडायला वेळ लागला.